सिलिंडरची फायबरची पेटी: आठ महिने वापरून

आमची होडी दिवाळ्याची. सव्वीस फुटी, फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन. पनवेल खाडीतून बाहेर पडून घारापुरीच्या अंगाला कधी कधी रात्र काढावी लागते, म्हणून चहा-भातापुरता ५ किलोचा छोटू सिलिंडर सोबत असतो. तो आजवर नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या खणात, जाळ्यांखाली कोंबलेला असायचा. एप्रिलात एका पहाटे जाळं काढायला वाकलो तर गॅसचा वास आला. उभा होतो तोवर नाकाला काही कळलंच नव्हतं. काका इंजिनाची दोरी ओढायच्या बेतात होता, ओरडून थांबवला. पाणी उपसायच्या पंपाच्या बटणालाही हात लावला नाही. फळ्या उचलल्या आणि वाऱ्यात तासभर तसेच बसलो.

हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. घरात तो दाराच्या फटीतून निदान बाहेर तरी जातो. होडीला खाली फट कुठली? फट असती तर बुडालो असतो. तो पाण्यासारखा तळात साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीचीच वाट. आमचा पंप तरंगत्या स्विचवर आपोआप चालू होतो. रात्री आम्ही झोपेत असताना तो चालू झाला असता तर? पुढचं लिहीत नाही.

पावसाळी बंदीत बेलापूरकडच्या एका फायबरवाल्याकडून पेटी करून घेतली. साडेसहा हजार पडले. झाकण फक्त वरून, कडेला रबर. सिलिंडर उभाच राहावा म्हणून पट्टा, कारण आडवा पडला तर रेग्युलेटरात द्रव गॅस शिरतो. नळी वरच्या अंगाने घट्ट रबरातून बाहेर. आणि खरी गोष्ट म्हणजे तळाचं भोक: गळालेला गॅस तिथून पाइपाने थेट होडीबाहेर जातो. या पाइपाचा आतला व्यास निदान १९ मिलिमीटर लागतो. फायबरवाल्याने आधी बोटाएवढी नळी लावून दिली होती, ती मी बदलायला लावली.

काम सफाईदार आहे, कोपऱ्यांत कुठे धागे टोचत नाहीत. पण माणसाने होडी रिकामी बघून माप घेतलं. बर्फ आणि मासळीच्या पेट्या भरल्यावर आमची मागची बाजू चांगली चार बोटं खाली बसते. पहिल्याच फेरीत पाइपाचं तोंड पाण्याखाली गेलं, पेटीत खारं पाणी भरलं आणि सिलिंडरच्या बुडाच्या कड्याला गंज धरला. शिवाय पाइपाचं तोंड नेमकं पेट्रोलच्या टाकीशेजारी निघालं होतं. फोन केला तर म्हणे, ‘फुकट करून देतो, होडी वर्कशॉपला आणा.’ जणू रिक्षात घालून नेणार! शेवटी मीच पेटी एक वीत उचलून बसवली आणि तोंड इंजिन-टाकीपासून लांब, दुसऱ्या अंगाला काढलं. तुम्ही करून घेणार असाल तर माप भरल्या होडीचं द्या.

झाकणाच्या कड्या स्टीलच्या म्हणून दिल्या होत्या. तीन महिन्यांत तांबडी धार सुटली. त्याही बदलल्या.

एप्रिलातली गळती निघाली रेग्युलेटरपाशी. आता दर फेरीआधी साबणाचं पाणी लावतो, नळी तारेच्या विणीची केशरी घेतली, आणि चहा झाला की आधी सिलिंडर बंद करून नळीतला गॅस जळू देतो. पुढचा सिलिंडर कंपोझिट, म्हणजे फायबर-प्लास्टिकचा घ्यावा असं मनात आहे. तो गंजत नाही, वजनाला साधारण निम्मा, आणि आत किती उरलाय ते उजेडात दिसतं.

काका सुरुवातीला हसलाच. ‘बापजाद्यांनी चुलीवर रांधला, त्यांना काय झाला?’ आता त्यालाही पेटी पसंत पडलीय. परवा झाकण उघडलं तर सिलिंडरला टेकवून त्याच्या विड्या आणि काडेपेटी. विचारलं तर म्हणतो, ‘अख्ख्या होडीत एवढी सुकी जागा दुसरी हाय कंची?’