कोपऱ्यावरचा दिवा: सोलर, मोशन सेन्सर की साधा पिवळा?

घराच्या दर्शनी भागाला कुठले दिवे लावायचे यावर घरातल्या प्रत्येकाला मत असतं. कोपऱ्यांचा विषय मात्र इलेक्ट्रिशियन शिडीवर चढल्यावरच निघतो. "इथं काय लावू?" असं तो वरून विचारतो आणि खाली उभा असलेला माणूस सुचेल ते सांगून मोकळा होतो. नागपुरात बेसा, मनीषनगरकडे सध्या ज्यांची बांधकामं चालू आहेत अशा ओळखीच्यांनी मला हेच विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या घराच्या कोपऱ्यांवर मी मुद्दाम वेगवेगळे दिवे लावून बघितले. आता सगळीकडे एकच प्रकार आहे. तो कुठला, ते पुढे येईलच.

आपल्याकडे ले-आऊटमधल्या तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर घर उभं राहिलं की बाजूला उरतं जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढं मार्जिन. त्या पट्ट्यात मोटर, टाकीचं झाकण, कूलरचे स्टँड, नळी, चार कुंड्या आणि बांधकामातून उरलेल्या फरश्या. उन्हाळ्यात रात्रीच्या जेवणानंतर कूलरमध्ये पाणी भरायला तिथं जावंच लागतं. पावसाळ्यात पाऊल टाकण्याआधी खाली बघावं लागतं. शहराच्या कडेला राहणाऱ्यांना साप-विंचवाचं वेगळं सांगायला नको. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दिव्याचं पहिलं काम म्हणजे जमिनीवरचं नीट दिसणं. चोर-बिर त्यानंतर.

या कसोटीवर दोन प्रकार लगेच बाद होतात. एक ते अप-डाऊन लाईट, म्हणजे भिंतीवर वर-खाली झोत टाकणारे. घराच्या दर्शनी बाजूच्या फोटोत छान दिसतात, पण उजळते ती भिंत. पायाखालचा भाग होता तसाच काळा राहतो. दुसरे जमिनीत खोचायचे गार्डन लाईट. सप्टेंबर २०२३मध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन घराघरांत पाणी शिरलं ते ज्यांनी बघितलं, ते गुडघ्याखाली विजेची वायर फिरवायला सहसा तयार होणार नाहीत. मीही नाही. राहिले तीन: सोलर, मोशन सेन्सरवाला आणि डे-नाईट, म्हणजे अंधार-उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर रात्रभर जळणारा साधा कमी वॉटचा दिवा.

सोलरबद्दल माझ्या मनात राग नाही. वायर नाही, भिंत फोडणं नाही, दोन स्क्रू मारले की झालं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी पुढचं वाचलंच नाही तरी चालेल, सरळ सोलर घ्या. अडचण अशी की पॅनेल, बॅटरी आणि दिवा एकाच डब्यात असलेला सोलर लाईट ऊन पडतं तिथंच लावावा लागतो, आणि आपल्याला उजेड हवा असतो तो दोन दुमजली घरांच्या फटीत, जिथं ऊन तासभरसुद्धा येत नाही. जिथं भरपूर ऊन येतं, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीवर, तिथं दुसरं दुखणं. ज्या गावात पारा ४७.९ पर्यंत गेलेला आहे (मे २०१३), तिथल्या पश्चिमेच्या भिंतीवर तो प्लास्टिकचा डबा दुपारभर तापतो. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला थोडी थोडी घटत जाते. ते एक वेळ सोडा, पण लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बनवणारेच सांगतात. आमचा सोलर पहिल्या वर्षी पहाटेपर्यंत जळायचा. दुसरा उन्हाळा काढल्यावर बातम्या संपेपर्यंत टिकला तरी आम्ही खूश असायचो. श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ राहिलं की तेवढंही नाही.

घ्यायचाच असेल तर पॅनेल वेगळं असलेला घ्या. पॅनेल गच्चीच्या कठड्यावर, दिवा खाली सावलीत. आणि बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे का ते डब्यावर बघा, ती उष्णता जरा बरी सोसते. अर्थात आता गच्चीवर मोठं सोलर बसवून नेट मीटर (उरलेली वीज कंपनीला देऊन बिलातून वजा करून घेणारं) घेतलेली घरं वाढली आहेत. तुमचं घर त्यांतलं असेल तर वायरवरचा दिवासुद्धा सोलरचाच झाला की. मग भिंतीवर वेगळी छोटी बॅटरी सांभाळायची कशाला?

आता मोशन सेन्सर. याच्याबद्दल जरा जास्त बोलावं लागेल, कारण घ्यायला गेलात तर दुकानदार बहुधा हाच पुढे करेल, आणि कागदावर तो आहेच शहाणा. माणूस आला की लागतो, गेला की विझतो. रात्रभर जळत नाही, शेजाऱ्यांच्या झोपेच्या खोलीत उजेड जात नाही, कंपाउंडवरून कुणी उतरला तर दचकतो. थंडीत, रात्री पारा दहा-बाराच्या आसपास असताना, आमचा दिवा गेटपासून मांजर ओळखायचा. मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवला होता.

मग मे आला.

हे सेन्सर हालचाल अशी बघत नाहीत, उष्णता बघतात. आतल्या तुकड्याचे दोन भाग असतात. मागच्या भिंतीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही एका भागासमोरून दुसऱ्या भागासमोर सरकलं की त्याला कळतं, कुणीतरी आलं. डिसेंबरात भिंत थंड, माणूस गरम, प्रश्नच नाही. नवतपात, म्हणजे २५ मेपासूनच्या त्या नऊ दिवसांत, रात्री नऊ वाजताही विटांची भिंत दिवसभराचं ऊन बाहेर टाकत असते. हवा छत्तीस-सदतीस, फरशी तशीच, आणि आपली कातडी साधारण तेहतीस-चौतीस. एका टप्प्यावर माणूस आणि भिंत सेन्सरच्या लेखी एकच होतात. म्हणजे वर्षातले जे दिवस आपण त्या कोपऱ्यात सर्वांत जास्त वेळा जातो, नेमके त्याच दिवसांत दिवा आपल्याला ओळख दाखवत नाही. मध्यरात्रीनंतर फरशी निवली की साहेब पुन्हा शुद्धीवर.

त्यात कोपऱ्याची रचना उलटी पडते. समोरून आडवं गेलेलं या सेन्सरला चटकन कळतं, सरळ त्याच्या दिशेनं चालत आलेलं उशिरा कळतं. अरुंद मार्जिनमध्ये आडवं जाणार कुठं? आपण नाकासमोर त्याच्याच दिशेनं येतो. हातात पाण्याची नळी, पायाखाली अंधार, आणि दुसरा हात वर करून दिव्याला खुणा करायच्या. एकदा शेजारच्या काकांनी गच्चीवरून विचारलं, "काय भाऊ, कोणाले सलाम करून राहिले?" मी म्हटलं, दिव्याला. त्यांना ते पटलं नसावं.

यात एक गंमत लक्षात आली. कूलरच्या ओल्या ताटीसमोरून गेलं की तोच दिवा पटकन लागायचा. उघड आहे; ताटी पाण्यानं थंड, त्यापुढं माणूस गरम, फरक ठळक. पण म्हणजे दिवा लागावा म्हणून कूलर आधी चालू हवा, आणि कूलर चालू करायचा तर पाणी आधी भरायला हवं. उन्हात सेन्सरचं काय होतं याची आठवण नागपूरकरांना मी करून द्यायला नको. मे २०२४मध्ये इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तिथं ही गत, तर भिंतीवरच्या चारशे-पाचशेच्या दिव्याकडून काय धरायचं!

इथं कुणी म्हणेल, रडारवाला सेन्सर घ्या, त्याला उष्णतेचं काही नाही. खरं आहे. तो लहरी सोडून हालचाल पकडतो आणि उन्हाळ्यात चोख चालतो. फक्त त्याच्या लहरी काचेतून, दारातून, पातळ भिंतीतूनही जातात. घरातली माणसं हॉलमध्ये उठबस करायला लागली की बाहेरचा दिवा लागतो. रस्त्याकडच्या कोपऱ्यावर तर विचारूच नका. लांब, बंदिस्त पार्किंगला तो उत्तम असावा. आमच्या कोपऱ्याला नाही जमला. एक तोडगा मला मान्य आहे: रात्रभर मंद जळणारा आणि कुणी आलं की पूर्ण उजळणारा दिवा मिळतो, तो. सेन्सर आंधळा झाला तरी मंद उजेड राहतो. ज्यांना 'चोर दचकला पाहिजे' हे फार महत्त्वाचं वाटतं त्यांनी तो घ्यावा, माझी ना नाही.

राहिला तिसरा. पाच वॉटचा, पिवळसर उजेडाचा, काच झाकलेला बल्कहेड, म्हणजे भिंतीला चिकटून बसणारा बंद दिवा, आणि त्याला डे-नाईट सेन्सर. यात दाखवण्यासारखं काही नाही, त्यामुळे दुकानात तो खालच्या फळीवर असतो. अंधार पडला की लागतो, उजाडलं की विझतो, मधे विचार करत नाही. रात्रभर जळणार म्हणजे बिल, ही भीती सगळ्यांना असते, म्हणून हिशोब करून टाकतो. पाच वॉट, रोज बारा तास, म्हणजे वर्षाला सुमारे २२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी एका दिव्याचे २२० रुपये. बारा वॉटचा मोशन सेन्सरवाला रोज अर्धा तास जळला तर दोन-सव्वादोन युनिट. म्हणजे सेन्सरनं वर्षाकाठी एका कोपऱ्यामागे वाचवले ते दोनशे रुपये. त्यासाठी मेभर अंधारात नळी ओढायची माझी तयारी नाही, तुमची असेल तर वेगळी गोष्ट.

टायमर का नको, तर आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच सूर्य बुडतो आणि जूनअखेरीस सातच्या सुमारास. दर महिन्याला काटा फिरवायला कोण बसलंय. डे-नाईट सेन्सरच्याही खोड्या आहेत. जुलैत भरून आलं की भर दुपारी दिवे लागतात. आणि त्याच दिव्याचा उजेड सेन्सरवर पडला तर लाग-विझ, लाग-विझ असा खेळ सुरू होतो. त्याला जागा बदलणं हाच उपाय.

उजेडाच्या रंगावर मात्र मी अडून बसेन. साडेसहा हजार केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा वाढला की उजेड निळसर) पांढरा दिवा तेवढ्याच वॉटमध्ये जास्त लख्ख दिसतो, म्हणून घेतला जातो. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे आणि दिवाळीच्या आसपास धानाच्या शेतांकडून येणारे हिरवे तुडतुडे आधी त्याच्यावर तुटून पडतात, कारण किड्यांना निळसर उजेड जास्त ओढतो. किड्यांमागे पाली येतात, खाली बेडूक जमतात, आणि बेडकांच्या वासावर आणखी कोण येतं ते सर्पमित्रांना विचारा. तीन हजार किंवा त्याखालचा पिवळसर दिवा लावल्यावर आमच्याकडे सकाळी झाडायला मिळणारा पंखांचा ढीग निम्म्यावर आला असेल. मोजला नाही, पण झाडू मारणाऱ्या व्यक्तीची तक्रार थांबली.

तेव्हा ज्यांचं घर अजून प्लास्टरच्या आधीच्या अवस्थेत आहे त्यांनी, मला विचाराल तर, तिसऱ्याचा विचार करावा. दिवा घराच्या कोपऱ्याच्या धारेलगत, आठ-नऊ फुटांवर, छज्ज्याच्या खाली घ्या. एकाच दिव्यात दोन्ही बाजूंची जमीन दिसते आणि डोळ्यात उजेड जात नाही. त्याहून वर नेलात तर बल्ब बदलायला दर वेळी शिडी शोधाल. प्रत्येक कोपऱ्याला वेगळा सेन्सर लागत नाही. एकच गच्चीच्या उत्तरेच्या बाजूला, कुठल्याही दिव्याचा किंवा रस्त्यावरच्या खांबाचा उजेड येणार नाही अशा जागी बसवून त्याच्यावरून चारही दिवे चालतात. पाच-पाच वॉटचे चार दिवे म्हणजे त्याला काहीच भार नाही. सेन्सरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात, तेव्हा गच्चीपर्यंत दोन्ही वायरी जातील हे आधीच सांगून ठेवा. घरात एक स्विचही ठेवा, कारण उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या टाकल्या की खालचे दिवे बंद करावेसे वाटतात. वायर फिटिंगमध्ये घेताना खालून वळसा देऊन वर न्यायला लावा. वरून सरळ आत घेतली तर पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट दिव्यात उतरतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात घरातला ट्रिपर, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच, पडतो.