लॅबचं स्मोकर्स हार्ट पॅकेज, घ्यावं का?

कोथरूडमधल्या एका लॅबचं सिगरेट ओढणाऱ्यांसाठीचं पॅकेज घेतलं, नाव टाकत नाही कारण तक्रारपण आहे. सर्व्हिस झकास, सकाळी सातला मुलगा दारात हजर, सुई टोचलेली कळलीपण नाही, आणि आल्या आल्या विचारलं "दादा चहा-सुट्टा झाला नाही ना?" बुकिंगवाल्या मॅडमनी फक्त उपाशी रहा म्हणून सांगितलेलं, सिगरेटचं काहीच नाही. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर.

आता रिपोर्ट. सगळे आधी एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल बघतात, माझं नॉर्मल आलं म्हणून घरचे खूश, पण खाली एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल 34, पुरुषांना निदान 40 तरी पाहिजे, आणि ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, 150 च्या पुढे. सिगरेट नेमकं हेच करते, चांगलं कोलेस्टेरॉल खाली आणि ट्रायग्लिसराईड वर. हिमोग्लोबिन 17 च्या जवळ बघून आमचे काका म्हणे वा, रक्त भरपूर आहे! अहो काका, धुरातला कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिन अडवून बसतो म्हणून शरीर जास्त बनवतं, रक्त दाट होतं, कौतुक कसलं. एचएस-सीआरपी म्हणजे आतली सूज, 3 च्या वर असेल तर हार्टची रिस्क जास्त, फक्त सर्दी-खोकला असताना करू नका, उगाच वाढलेलं येतं. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, ठेवलीय ते बरंय, ओढणाऱ्यांना टाइप 2 डायबेटिसचा धोका 30 ते 40 टक्के जास्त असतो, टपरीवर सांगितलं तर हसतात लोक, शुगर गोड खाऊन होते एवढंच डोक्यात बसलेलं.

तक्रार अशी की कोटिनिन टेस्ट मुद्दाम घुसडलीय, गेल्या काही दिवसांत निकोटीन अंगात गेलं का ते बघायला. अरे बाबा, ओढतो म्हणूनच तर हे पॅकेज घेतलं ना! वर व्हिटॅमिन डी, बी12 ची भरती, आणि हार्ट पॅकेज म्हणतात त्यात ईसीजी नाही, साधं बीपीपण नाही. फ्री डाएटिशियन कॉलवर ओट्स खा, तेल कमी करा एवढंच, सिगरेटचा स पण नाही, निदान पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा सोडण्यासाठीचा हेल्पलाईन नंबर तरी सांगायचा.

तीन स्टार, त्यातले दोन सॅम्पलवाल्या मुलाचे. करायचंच असेल तर लिपिड (कोलेस्टेरॉलची टेस्ट), सीबीसी (हिमोग्लोबिन वगैरेची), एचबीए1सी आणि एचएस-सीआरपी सुट्या सांगा, काउंटरवर तोंड वाकडं करतात पण देतात, स्वस्तातपण पडतं. आणि सिगरेट सोडलीत तर थोड्या आठवड्यांनी परत लिपिड करा, एचडीएल तेवढ्यात वर यायला लागतं.