आतड्याचा ‘स्कोअर’: फसवणूक दुसऱ्या चाचणीत होते

पोट सतत फुगतं, शौचाला साफ होत नाही, थकवा जात नाही. गिऱ्हाईक सापडतं ते असं. आतड्यातले जिवाणू तपासायचं किट घरपोच येतं, शौचाचा वाटाण्याएवढा नमुना कुपीत घालून पाठवायचा. मग रंगीत रिपोर्ट: १०० पैकी ४१, ‘चांगले जिवाणू कमी’. खाली त्याच कंपनीची प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत ‘चांगल्या’ जिवाणूंची पावडर, ३ महिन्यांचा कोर्स. कोर्स संपल्यावर पुन्हा चाचणी, या वेळी ६३. माणूस समाधानाने पुढच्या कोर्सचे पैसे भरतो आणि इथेच नाडला जातो.

४१ चे ६३ पावडरीशिवायही होतात. आहार बदलला, शौच घट्ट-पातळ झालं, तरी जिवाणूंचं प्रमाण हलतं. पहिला आकडा फार खाली असेल, तर पुढचा बहुधा वरच येतो. मुळात निरोगी मायक्रोबायोमची, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या वसाहतीची, सर्वमान्य व्याख्याच अजून ठरलेली नाही. ते १०० कंपनीचे स्वतःचे.

गडबड नमुन्यापासूनच सुरू होते. कुपीत टिकवणारं द्रावण नसेल, तर वाटेतल्या उष्णतेत ई. कोलायसारखे जिवाणू वाढतात आणि रिपोर्ट त्यांना ‘घातक’ म्हणून लाल रंगात दाखवतो. डीएनए काढताना बारीक मण्यांनी पेशी नीट फोडल्या नाहीत, तर जाड भिंतीचे बिफिडोबॅक्टेरियम कमी मोजले जातात. त्यात आकडे टक्केवारीचे: एक गट वाढला की बाकीचे न घटताही घटलेले दिसतात.

पावडरीच्या डब्यावर ‘५० अब्ज’ जिवाणू असं लिहिलेलं असतं. ते उत्पादनाच्या दिवशीचे की मुदत संपेपर्यंतचे, हे वाचा. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलं असेल तर परत ठेवा. गुण त्या-त्या स्ट्रेनचा, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या उपप्रकाराचा असतो, कुळाचा नाही. इरिटेबल बाउल सिंड्रोमसाठी (पोटदुखी आणि शौचाची बिघडलेली सवय असा दीर्घकाळचा विकार) प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चौकटीतच द्यावं, असं अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच सांगितलं आहे. अँटिबायोटिकनंतर तर २०१८ च्या एका अभ्यासात प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू परतायला उलट उशीर लागला.

पैसे भरण्याआधी लेखी विचारा: एकाच शौचाच्या दोन कुप्या तपासल्या तर स्कोअरमध्ये किती फरक पडतो? उत्तर टाळलं, तर व्यवहार तिथेच थांबवा.

शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांतलं काहीही असेल तर किट मागवूच नका, पोटविकारतज्ज्ञांकडे जा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर ही पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. अशा रुग्णांत तेच ‘चांगले’ जिवाणू रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत.