होबी 16 ची जाळी आणि वायरी कोल्हापुरात करून घेतल्या, त्याला सात महिने झाले

होबी 16 म्हणजे दोन होड्या जोडलेली शिडाची बोट. ऑक्टोबरात तिची डोलकाठी धरणाऱ्या वायरी बदलल्या, दोन होड्यांच्या मधली बसायची जाळी, म्हणजे ट्रॅम्पोलिन, नवं शिवलं, आता मे संपत आलाय. फेब्रुवारीतच लिहिणार होतो, पण तेव्हा डोकं लय तापलं होतं.

बोट जुनी होबी 16, मालवणला मावसभावाच्या वाडीत माडाखाली असते, मी कोल्हापुरात, महिन्यातनं दोन रविवार फोंडा घाट उतरून जायचं. तयार ट्रॅम्पोलिन बाहेरून मागवायचं तर कस्टम धरून जो आकडा आला त्यात एक जुनी स्प्लेंडर आली असती. मग ठरवलं, आपल्या गावातच करायचं, उद्यमनगरचे कारखाने आहेत की.

वायरीचं आधी सांगतो. दुकानदारानं स्टेनलेस म्हणून जी दिली ती मऊ वळणारी, 7 बाय 7 ची (सात-सात तारांचे सात पीळ), आणि टोकांना ॲल्युमिनियमच्या फेरूल, म्हणजे वायर पकडणाऱ्या नळ्या, दाबून दिल्या. दिसायला एकदम चकाचक, पहिल्या ट्रिपला मी चौघांना सांगितलं की वायर लोकलच घ्या. ते शब्द परत घेतो. ही वायर ताण आला की लांबते, दर वेळी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूची वायर ढिली होऊन डोलकाठी वर डुलायची, आणि डिसेंबरात फेरूलच्या तोंडाशी पांढरी भुकटी दिसली. स्टेनलेसला ॲल्युमिनियम चिकटून, वर खारं पाणी, मग ॲल्युमिनियम खाल्लं जातंच. होबीची काठी 26 फूट, वाऱ्याकडची वायर सुटली की ती आडवीच, खाली पोरगं बसलेलं असतं माझं. जानेवारीत सगळ्या काढल्या आणि मुंबईहून 1 बाय 19 ची (एकोणीस तारांचा एकच पीळ, कडक), खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या 316 ग्रेड स्टेनलेसची वायर तांब्याच्या फेरूल लावून आणली. तेव्हापासून ताण जसाच्या तसा. वायरीवरनं कापसाचा बोळा फिरवायचा, तुटलेली तार असेल तिथं कापूस अडकतो, हाताचं बोट फिरवू नका, चिरतं. आणि खाली जिथं वायर फेरूलमध्ये शिरते तिथंच जास्त बघा, खारं पाणी तिथंच साचतं.

आता खरा विषय, दोरा.

ट्रॅम्पोलिन ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या मामांकडं दिलं, जुनं नमुन्याला, जाळीचं कापड माझं. काम बघून मी खूश, कडेची दोर घातलेली नळी बोटीच्या खाचेत एका झटक्यात सरकली, मधली आणि मागची लेसिंग, म्हणजे भोकांतनं ओवलेली दोरी, ओढली तर हलगीसारखं ताणलं. दोन ट्रिपनंतर परत एकदा ओढून घ्यायला लागतं, ते सगळ्यांनाच माहीत आहे.

फेब्रुवारीत किनाऱ्यावरच, बोटीवर चढताना गुडघा टेकला आणि कडेची शिवण वीतभर उसवली. कापडाला ओरखडा नाही! दोरा नखानं खरवडला तर तटातट तुटत होता. चप्पल-बॅगेचा पातळ नायलॉन दोरा, तोही पांढरा, चार महिने समुद्राच्या उन्हात उघडा. कापड दहा वर्षं टिकेल हो, पण शिवण गेली तर त्या कापडाचा उपयोग काय? मी नुसतं जाळीच्या कापडाच्या मागं लागलो, जाडी विचारली, कोटिंग विचारलं, दोऱ्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

मामांशी भांडण झालं. ते म्हणाले, "कापड तुमचं, माप तुमचं, दोरा तेवढा माझा म्हणून भांडताय होय?" मी म्हटलं मामा, ताडपत्री फाटली तर माल भिजतो, ही फाटली तर माणूस पाण्यात जातो. गप्प बसले, मग म्हणाले आणा तुम्हाला पाहिजे तो दोरा. बॉन्डेड पॉलिएस्टर (वरनं लेप दिलेला दोरा), जाड, काळा आणला. पॉलिएस्टर उन्हाला नायलॉनपेक्षा जास्त टिकतं, काळा रंग त्यात अजून बरा. मामांनी अर्ध्या मजुरीत सगळ्या शिवणी परत मारल्या, कडेला दोनऐवजी तीन ओळी, आणि लेसिंगच्या भोकांखाली पट्टा न सांगता लावला. मागच्या रविवारी आम्ही दोघं एकाच कडेवर लटकलो, शिवण जरासुद्धा ओढली गेली नाही. हाताचं काम त्यांचं खरंच पक्कं आहे, दुसरं ट्रॅम्पोलिनही त्यांच्याकडंच देईन, फक्त दोऱ्याची रीळ आपण घेऊन जाईन.

वापरल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, आणि बोट उभी असताना वर जुनी चादर तरी टाका. मी चार महिने टाकली नव्हती. या शनिवारी घाट उतरून काठी खाली घेतोय, जाळी सोडवून पावसाळ्यासाठी घरी आणतोय, माळ्यावर जागा करून ठेवली आहे.