टीपी-लिंक एसजी१०८ई : जॅम कुठे आहे ते आधी बघा, मग घ्या

इंटरनेट स्लो आहे म्हणून हा नेटवर्क स्विच (ऑफिसातले पीसी, फोन वायरने एकमेकांना जोडणारा डबा) घेणार असाल तर नका घेऊ, काही फरक पडणार नाही. पण ऑफिसच्या आतल्या आतच, दोन स्विचच्या मधल्या वायरवर गर्दी होऊन आयपी फोनचा (नेटवर्कच्या वायरवरून चालणाऱ्या फोनचा) आवाज तुटत असेल तर टीपी-लिंकचा हा आठ पोर्टचा टीएल-एसजी१०८ई त्या पैशात एकदम भारी काम करतो.

आमच्याकडची केस सांगतो. खाली पीसी आणि फोन, वर राउटर आणि नॅस (फायली साठवायचा नेटवर्कवरचा डिस्कचा डबा), आणि दोन मजल्यांच्या मधे एकच केबल. त्या केबलच्या चार जोड्यांपैकी दोन जोड्या वायरिंगवाल्याने इंटरकॉमला वापरून टाकल्यात, त्यामुळे ती १०० एमबीपीएसवरच चालते (गिगाबिटला चारही जोड्या लागतात). संध्याकाळी सगळ्या पीसींचा बॅकअप नॅसवर सुरू झाला की क्लायंट म्हणणार, 'साहेब, आवाज कट होतोय.' गंमत म्हणजे आपल्याला त्याचं सगळं नीट ऐकू यायचं. फोन कंपनीचा माणूस येऊन लाइन चेक करून गेला, नेट प्लॅन वाढवा म्हणाला. अरे पण एकाच बाजूचा आवाज तुटतोय, म्हणजे गर्दी फक्त खालून वर जाताना आहे, आणि बॅकअपही त्याच दिशेने जातो! म्हणून फक्त खालचा स्विच बदलला.

सेटिंग ब्राउझरमधून होतं. नेटवर्कवर डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता देणारी सोय) नसेल तर पत्ता १९२.१६८.०.१, नाहीतर राउटरने काय आयपी दिलाय ते शोधा. क्यूओएसमधे (कुठलं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवणारं सेटिंग) तीन पर्याय आहेत, पोर्टवर, ८०२.१पी वर (इथरनेट टॅगमधला प्राधान्याचा आकडा) किंवा डीएससीपीवर (पॅकेटच्या आयपी हेडरमधला प्राधान्याचा आकडा). बरेच जण पोर्टवालं लावतात कारण ते सोपं दिसतं, फोनचा पोर्ट हाय केला की झालं. पण ऑफिसात बहुतेक वेळा पीसी फोनच्याच मागच्या पोर्टला लावलेला असतो, मग फोनबरोबर पीसीचा बॅकअपपण व्हीआयपी होतो आणि सगळं मुसळ केरात. म्हणून डीएससीपीच लावा. बहुतेक आयपी फोन आवाजाच्या पॅकेटवर ४६ नंबरचा शिक्का मारूनच पाठवतात, पीसीच्या फायलींवर ० असतो, स्विचला तेवढं पुरतं. डीएससीपीचे ६४ आकडे आणि या स्विचमधे पॅकेट थांबायच्या रांगा फक्त चार, त्यामुळे खूप बारीक वर्गवारी होत नाही, पण आवाज वेगळा आणि बाकीचं वेगळं एवढं व्यवस्थित होतं. आणि आवाज खातो तरी किती, जी.७११ चा (फोनवरचा नेहमीचा आवाजाचा फॉरमॅट) एक कॉल म्हणजे हेडर धरून ८०-९० केबीपीएस, त्याला पुढे सोडलं म्हणून बॅकअपला काही उशीर होत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की करा, पोर्ट सेटिंगमधे फ्लो कंट्रोल ऑफ ठेवा. ते चालू असेल आणि रांग भरली की स्विच समोरच्याला 'थांब' सांगतो, आणि तो पॉज सगळ्यालाच लागतो, प्रायॉरिटी बघत नाही, म्हणजे पीसीमुळे त्याच वायरवरचा फोनपण थांबणार. लॅपटॉपवर सॉफ्टफोन (कॉल करायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी अजून एक बघावं, विंडोजमधे बऱ्याचदा शिक्का आपोआप लागत नाही, पॉलिसी-बेस्ड क्यूओएसमधून लावावा लागतो, नाहीतर स्विचच्या दृष्टीने तुमचा कॉल आणि फाइल कॉपी सारखंच.

आता न आवडलेलं. स्टॅटिस्टिक्समधे फक्त गुड पॅकेट, बॅड पॅकेट असे आकडे दिसतात, कुठल्या रांगेत किती ड्रॉप झाले ते कळतच नाही, त्यामुळे सेटिंग लागू झालं का ते बॅकअप चालू करून कॉल लावूनच बघायचं. लॉगिन साध्या एचटीटीपीवर आहे, गेस्ट वायफायवाल्यांना त्या पेजपर्यंत पोचू देऊ नका. बाकी मेटल बॉडी, पंखा नाही त्यामुळे आवाज नाही, आणि केबल टेस्ट आहे जी वायर किती मीटरवर तुटलीये त्याचा अंदाज देते, हे या रेंजमधे मिळतंय म्हणजे चांगलंच.

इंटरनेटसाठी नको का म्हणालो, तर तिथे जॅम राउटरच्या पुढे असतो, स्विचकडून पॅकेट गिगाबिटने निघून गेलेलं असतं, रांगच लागत नाही तर पुढे सोडणार कोणाला. डाउनलोडचा जॅम तर प्रोव्हायडरच्या बाजूला. त्यासाठी चांगला राउटर बघा.

आमच्याकडे बॅकअप चालू असताना आता कॉल नीट होतात. वरती मात्र अजून साधाच स्विच आहे, त्यामुळे कोणी नॅसवरून मोठी फाइल खाली ओढली की आपल्याला क्लायंटचा आवाज तुटक येतो. तिथेही हाच लावायचा विचार आहे, पण कॉन्ट्रॅक्टर पीओपीचं छत न फोडता नवीन केबल टाकून देतो म्हणाला तर आधी केबल.