तळं काचेसारखं स्वच्छ होतं, तीच तर मेख होती

बागेतल्या मासेतळ्याची देखभाल वर्षाच्या कंत्राटावर द्यायचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे आधी वाचावं. मी दोन वर्षं फसत होतो, आणि त्यातले वीसेक महिने अगदी खुशीत होतो.

तळं लहानच. लांबी 3 मीटर, रुंदी 2 मीटर, खोली सरासरी 80 सेंटीमीटर. गुणाकार केला की 4.8 घनमीटर, म्हणजे 4,800 लिटर. शाळेतल्या पोराला जमेल असा हा हिशेब मी सगळं उघडं पडल्यावर केला. पहिल्या दिवशी कंत्राटदार काठावर उभा राहिला, नजरेनेच तळं मोजलं आणि म्हणाला, "दहा हजार धरा, काका." मी धरले. औषध, जिवाणूंचं द्रावण, क्लोरीन मारायची पावडर, सगळं लिटरवर बसतं. तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रत्येक बाटली दुप्पट. (आता वाटतं, पैसे दहा हजार लिटरचे घेतले तरी माल तेवढा ओतला नसेल. ओतला असता तर मासे पहिल्याच महिन्यात उलटे झाले असते.)

माणूस मोठा गोड. माशांना नावं त्यानेच ठेवली. महिन्यातून एकदा हाताखालच्या मुलाला घेऊन यायचा, आणि दोन तासांनी तळाचा एकेक गोटा मोजता यायचा. फिल्टरमधले स्पंज नळाच्या धारेखाली पिळून पिळून पांढरेशुभ्र करायचा आणि मला मुद्दाम दाखवायचा. मी कौतुकाने कामाच्या कागदावर सही करायचो.

त्या पांढऱ्या स्पंजाने काय होत होतं, ते मला फार उशिरा कळलं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र माशांना बरंच सोसतं आणि झाडं ते शोषून घेतात. हे जिवाणू राहतात कुठे, तर स्पंजावरच्या त्याच तपकिरी, बुळबुळीत थरात. नव्या तळ्यात त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात तो जंतू मारायलाच. म्हणजे हा गृहस्थ दर महिन्याला माझ्यासमोर फिल्टरचा जीव काढत होता. पाचव्या-सहाव्या दिवशी मासे मलूल व्हायचे, मी फोन करायचो, आणि तो म्हणायचा, "काका, अमोनिया वाढलाय, बाटली घेऊन येतो." अमोनिया खरंच वाढलेला असायचा. स्पंज तळ्याचंच पाणी बादलीत काढून त्यात हलकेच पिळायचे असतात, इतकी साधी गोष्ट.

हे त्याचं अज्ञान असेल, असं मानायला मी आजही तयार आहे. दिव्याचं मात्र तसं नाही.

पाणी हिरवं होऊ नये म्हणून फिल्टरला अतिनील दिवा जोडलेला असतो. पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ त्याने मरतं. दगडाला चिकटलेल्या केसाळ शेवाळाला तो काही करत नाही. साधारण 8,000 ते 9,000 तासांनंतर या दिव्याची ताकद उतरते, आणि वर्षाचे तास भरतात 8,760. म्हणून तो दरवर्षी बदलायचा. गोम अशी की ताकद संपली तरी निळसर उजेड पडतच राहतो, त्यामुळे उजेड बघून कोणाला काही कळत नाही. (उघड्या दिव्याकडे थेट बघूही नये, डोळ्यांना इजा होते.) माझ्याकडे वर्षअखेरीला नव्या दिव्याचं बिल यायचं, आणि जुना दिवा "नीट विल्हेवाट लावायला" तो घेऊन जायचा.

पहिल्या वर्षी एकदा वीज बंद करून दिव्याभोवतीची काचेची नळी मीच पुसली होती. परत लावताना बाजू चुकू नये म्हणून दिव्याच्या पांढऱ्या टोकावर शाईच्या पेनाने छोटा बाण काढला होता. पुढे विसरूनही गेलो. दोनदा दिवा "बदलल्या"नंतर पुन्हा एकदा नळी पुसायला झाकण उघडलं, तर बाण जागच्या जागी. माझाच बाण, माझ्याच वाकड्या हाताचा.

त्या दिवशी संध्याकाळी मी सगळी बिलं जेवणाच्या टेबलावर मांडली.

दिवा मेलेला, तरी पाणी हिरवं का होत नव्हतं? उत्तर त्याच्या डब्यात होतं. निळी खडी, "खनिज मिश्रण" या नावाने. ते मोरचूद होतं, म्हणजे तांब्याचं सल्फेट. मोरचुदाने शेवाळ मरतं यात शंका नाही. पण तांबं माशांनाही विष आहे, त्यातही पाणी मऊ असेल तर फारच. शिवाय एकदम मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं आणि कुजताना प्राणवायू खातं. हा खेळ उन्हाळ्यात जिवावर उठतो. 10 अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला जेमतेम साडेसात. रात्री वनस्पतीही तोच प्राणवायू वापरतात, म्हणून सर्वांत वाईट वेळ पहाटेची. दोन्ही उन्हाळ्यांत मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडी टाकत होते, आणि आम्ही समजत होतो की भूक लागलीये. बायको खाणं टाकायची. न खाल्लेलं खाणंही पुन्हा कुजतच होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी बारापैकी आठ मासे गेले. पाणी त्या दिवशीही आरशासारखं होतं.

आता करारातली गंमत. "मासे दगावल्यास मोफत बदलून मिळतील" असं ठळक अक्षरात. खाली बारीक अक्षरात, "पंप चोवीस तास चालू असल्यास". आणि याच माणसाने तोंडी काय सांगितलं होतं? "रात्री पंप बंद ठेवत जा, काका. त्यालाही विश्रांती हवी, वीजही वाचते." आम्ही इमानाने रोज रात्री बटण बंद करत होतो. पाणी थांबलं की फिल्टरमधले जिवाणू काही तासांत गुदमरायला लागतात आणि तळ्यात हवा मिसळणंही थांबतं. म्हणजे नेमक्या वाईट वेळी पंप बंद, आणि त्याच कारणाने हमीही रद्द. आठ माशांचं विचारलं तेव्हा त्याने शांतपणे त्या ओळीवर बोट ठेवलं. वर नवे आठ मासे स्वस्तात देतो म्हणाला. तेही आणल्याबरोबर सोडायचे म्हणे! नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पाहतात, नाहीतर त्याच्याबरोबर आलेला रोग उरलेल्यांना लागतो.

थंडीत तो "हिवाळी खाद्य" म्हणून पोतं टाकून जायचा, तेवढंच. पाणी गार झालं की माशांचं पचन मंदावतं, आणि 10 अंशांच्या खाली गेलं तर खाणं बंदच ठेवायचं असतं, हे सांगितलं असतं तर पोतं कसं खपलं असतं?

करार मी मोडला. बाण असलेल्या दिव्याचा फोटो आणि दोन्ही बिलं पाठवल्यावर दिव्याचे पैसे मुकाट परत आले, बाकीचे नाही. तोंडी सल्ल्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. म्हणून कंत्राटदार जे सांगेल ते त्याच भेटीत कामाच्या कागदावर लिहून घ्या, पंपाचं तर आधी. बदललेला प्रत्येक भाग स्वतःच्या ताब्यात ठेवा. डब्यात काय आहे ते नावानिशी विचारा. अमोनिया मोजायचे थेंब स्वतः विकत घ्या आणि तो यायच्या आदल्या दिवशी व गेल्यानंतर चौथ्या दिवशी मोजा. सोबत पीएचही (पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्काकडे, याचं माप) बघा, कारण तेवढाच अमोनिया सात पीएचला फारसा बाधत नाही आणि नऊला घातक ठरतो.

उरलेले चार मासे आहेत. पंप दिवसरात्र चालतो. पाणी थोडं हिरवट असतं, तळाचे गोटे दिसत नाहीत. पाहुणे विचारतात, साफ का करत नाही?

गेल्या आठवड्यात एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याही बागेत तळं आहे, आणि कंत्राटदाराने "समाधानी ग्राहक" म्हणून माझा नंबर दिला होता. सोबत माझ्या तळ्याचा फोटो, तळाचा एकेक गोटा दिसणारा. मी त्यांना आधी विचारलं, तुमचं तळं किती लिटरचं म्हणाला तो?