खेळाडू दोन, करामत तिसऱ्याची

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय ते मोकळे. एचबीओचे तीन टीव्ही चित्रपट ओळीने पाहिले. टेनिसवरचा 'सेव्हन डेज इन हेल' (2015), सायकल शर्यतीवरचा 'टूर द फार्मसी' (2017) आणि बेसबॉलवरचा '61*' (2001). पोट धरून हसायचं असेल तर टेनिसवाला बघा. क्रीडा संघटना चालते कशी याची खिल्ली बघायची असेल तर सायकलवाला. आणि खरोखरचा राजकीय उपहास हवा असेल तर बेसबॉलवाला, ज्यात हसवण्यासाठी म्हणून लिहिलेलं वाक्य शोधूनही सापडणार नाही.

माझी नजर जरा वाकडी आहे हेही सांगून ठेवतो. टेनिसच्या छोट्या स्पर्धांमध्ये मी वर्षानुवर्षं लाइन जज म्हणून, म्हणजे चेंडू रेषेच्या आत की बाहेर हे सांगायला, उभा राहिलो, कधीकधी पंचाच्या उंच खुर्चीवरही बसलो. त्यामुळे दोन खेळाडूंची खुन्नस रंगात आली की लोक त्या दोघांकडे बघतात आणि मी तिसऱ्याकडे बघतो. नियम कोणी लिहिला, गुण कोण मोजतंय, उद्याच्या पेपरात कोणाला खलनायक करायचं हे कोण ठरवतंय? गाजलेल्या चुरशींमध्ये हा तिसरा नेहमी असतो, फक्त फोटोत येत नाही. तो ज्या चित्रपटाला दिसला तो चित्रपट माझ्या लेखी पास.

'सेव्हन डेज इन हेल' जेमतेम पाऊण तासाचा आहे. माहितीपटाचा खोटा आव आणलेला, जॉन हॅमच्या भारदस्त निवेदनासकट. 2001च्या विम्बल्डनमध्ये आरन विल्यम्स आणि चार्ल्स पूल यांचा सामना सात दिवस चालतो, एवढीच गोष्ट. आरन म्हणजे अँडी सँबर्ग. लांब केस, उर्मट चेहरा, अमेरिकी टेनिसपटू आंद्रे आगासीच्या तरुणपणाची सरळसरळ नक्कल. (खरा आगासी 1988 ते 1990 विम्बल्डनला फिरकलाच नव्हता, तिथली पांढऱ्या कपड्यांची सक्ती त्याला मान्य नव्हती. त्या रागावर अख्खा सिनेमा निघेल.) पूल म्हणजे किट हॅरिंग्टन. इंग्लंडचा लाडका, टेनिस सोडून डोक्यात बाकी काही नसलेला, आणि कुठल्याही प्रश्नाला एकच ठरलेला शब्द उत्तर म्हणून देणारा. हॅरिंग्टन इतका मठ्ठ चेहरा इतका वेळ टिकवू शकतो हे मला माहीत नव्हतं. सँबर्ग धमाल करतो, पण तो सगळीकडेच करतो. इथे बाजी मारली ती हॅरिंग्टनने.

सेरेना विल्यम्स, ख्रिस एव्हर्ट आणि जॉन मॅकेन्रो स्वतःच्याच भूमिकेत येतात. आरनला विल्यम्स घराण्याने दत्तक घेतलंय, अशी गंमत आहे. श्रीमंत गोरं कुटुंब गरीब काळ्या मुलाला आधार देतं या अमेरिकी गोष्टीचा साचा इथे उलटा केलाय, आणि सेरेना ते इतक्या गंभीरपणे सांगते की क्षणभर खरं वाटावं. मॅकेन्रो दुसऱ्या कोणाच्या तरी कोर्टावरच्या वागणुकीवर बोलतोय, हाच मुळात विनोद. वेगळा विनोद लिहायची गरज लेखकाला पडली नसेल.

आरनच्या सर्व्हिसने एक लाइन जज जागीच मरतो. या प्रसंगाला मी इतरांपेक्षा जास्त हसलो असेन. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास येणाऱ्या चेंडूसमोर गुडघ्यावर हात ठेवून उभं राहायचं आणि डोळा लवू द्यायचा नाही, हे काम ज्याने केलंय त्याला ते दृश्य म्हणजे कोणीतरी आपली दखल घेतल्यासारखं वाटतं.

पण उपहास म्हणून बघायला गेलं तर हा चित्रपट दात न लावता चावतो. इंग्लंडची राणी पूलला दमात घेते, ब्रिटिश टीव्हीवाला त्याचा जीव खातो, सगळं ठीक. तरी शेवटी दोष दोन वेड्या खेळाडूंवरच येतो. खरा किस्सा याहून कितीतरी धारदार होता. 2010 साली विम्बल्डनच्या 18 नंबरच्या कोर्टवर जॉन इस्नर आणि निकोला माहू तीन दिवस खेळले. एकूण वेळ 11 तास 5 मिनिटं, शेवटचा सेट 70-68. त्या एका सेटलाच 8 तास 11 मिनिटं लागली. 47-47वर विजेचा धावफलक बंद पडला, कारण गुण तिथवर जातील अशी सोयच त्यात कोणी केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी 59-59वर अंधार पडला म्हणून खेळ थांबला. पंचाच्या खुर्चीवर मोहम्मद लहयानी होते आणि त्यांचा आवाज शेवटपर्यंत शाबूत होता. माझ्या मते त्या सामन्याचा तिसरा विजेता तोच.

इस्नर आणि माहू यांचं आधी कसलंही वैर नव्हतं. पहिल्या फेरीतला सामना, एकाचं मानांकन 23वं, दुसरा पात्रता फेरी खेळून आलेला. त्यांना अजरामर केलं ते नियमपुस्तकाने, कारण तेव्हा विम्बल्डनच्या पाचव्या सेटला टायब्रेक, म्हणजे बरोबरी झाली की सेट झटपट संपवणारा निर्णायक गेम, नव्हता; दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळतच राहायचं. इस्नर पुढच्या फेरीत पाय ओढत गेला आणि सरळ सेटमध्ये हरला. पुढच्या वर्षी ड्रॉ निघाला तर पहिल्याच फेरीत परत हेच दोघं! आयोजकांनी टायब्रेक आणला 2019 साली, तोही 12-12 झाल्यावर. त्याआधी 2018च्या उपांत्य फेरीत इस्नर पुन्हा साडेसहा तास खेळून पाचवा सेट 26-24 असा केविन अँडरसनला हरला होता. म्हणजे दोनदा एकाच माणसाचा घाम निघाल्यावर समितीला जाग आली. या समितीवर चित्रपटात एक टोला हवा होता. नाही मिळाला. शेवटची दहा मिनिटं तर रक्त आणि कमरेखालचे विनोद यांवरच ढकलली आहेत. घरातल्या मोठ्यांसोबत किंवा मुलांसोबत बघायला बसू नका. कोर्टवर कपडे न घातलेली माणसं येतात आणि लवकर जात नाहीत.

'टूर द फार्मसी' त्याच मंडळींचा. दिग्दर्शक जेक शिमान्स्की, लेखक मरे मिलर, सँबर्गही तोच, निवेदनाला पुन्हा हॅम. काळ 1982च्या टूर द फ्रान्सचा. उत्तेजकांच्या भानगडीत पाच सोडून बाकी सगळे स्वार बाद होतात, आणि त्या पाच जणांची शर्यत उरते. सँबर्ग हा गोरा श्रीमंत पोरगा, पण शर्यतीत नायजेरियाकडून. जॉन सीना इतका फुगलेला की सायकलची दया येते. ऑर्लंडो ब्लूम, फ्रेडी हायमोर, डेव्हीड डिग्ज हे उरलेले तिघं. म्हातारपणीचे तेच स्वार दुसरेच नट करतात, त्यात जेफ गोल्डब्लम.

चित्रपट विस्कळीत आहे. पाच जणांमध्ये चुरस वाटली जाते आणि मग ती कोणाचीच राहत नाही. चुरशीला दोन माणसं लागतात. 1964च्या टूरमध्ये प्वी द दोमच्या चढावर आंकतील आणि पूलिदोर हे दोन फ्रेंच स्वार खांद्याला खांदा घासत वर गेले, त्या एका फोटोवरून फ्रान्समध्ये दोन तट पडले आणि माणसं आयुष्यभर भांडत राहिली. आंकतीलने टूर पाचदा जिंकली. पूलिदोरला पिवळी जर्सी, म्हणजे शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची, एक दिवसही मिळाली नाही, आणि लोकांचं प्रेम मात्र त्यालाच जास्त. तसं काही इथे घडत नाही.

मग बघायचा कशासाठी? केविन बेकनसाठी. जागतिक सायकल संघटनेचा प्रमुख म्हणून तो स्वारांकडून पैसे खातो, आणि त्याचं वर्णन असं शांतपणे करतो की जणू कार्यालयाच्या वेळा सांगतोय. हा आहे माझा तिसरा माणूस. दुसरा हुकमी पत्ता म्हणजे उत्तेजकांमुळे बदनाम झालेला खराखुरा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग स्वतः. 'नाव उघड न करण्याच्या अटीवर' अंधारात बसून तो बोलतो, आणि त्याची ओळख लपवण्याचा बेत प्रत्येक वेळी फसतो. आर्मस्ट्राँगला यात घ्यावं की नाही यावर माझं मन अजून कुरकुरतं. ज्यांना त्याने कोर्टात खेचलं, खोटं ठरवलं, त्यांना हा विनोद तेवढा हलका वाटणार नाही. पण एक आहे. त्याने त्याच जागतिक संघटनेला एक लाख डॉलरहून जास्त देणगी दिली होती आणि संघटनेने ती घेतली होती, हे पुढे संघटनेच्याच प्रमुखाने मान्य केलं. 2012 साली त्याची टूरची सातही विजेतेपदं गेली आणि ती कोणालाच दिली गेली नाहीत, कारण खाली हात घालावा तर तिथेही चिखलच. 1999 ते 2005, यादीत सात रिकाम्या ओळी. बेकनचं पात्र या रिकाम्या ओळींच्या शेजारी ठेवून बघितलं की अतिशयोक्ती वाटत नाही.

आणि पाच सोडून सगळे बाद ही कल्पना तरी कुठे नवी? 1904च्या टूरमध्ये पहिले चारही क्रमांक काही महिन्यांनी बाद केले गेले आणि पाचव्या नंबरवर आलेला ऑन्री कॉर्ने विजेता ठरला. वय 19. टूर सुरू होऊन तेव्हा दुसरंच वर्ष होतं.

आता '61*'. दिग्दर्शक बिली क्रिस्टल, जो स्वतः विनोदी नट म्हणून प्रसिद्ध. त्याने इथे विनोद बाजूला ठेवला, हे त्याचं शहाणपण. 1961 साली न्यूयॉर्क यांकीजचे दोन फलंदाज, रॉजर मॅरिस आणि मिकी मँटल, बेब रूथच्या 1927च्या 60 होमरनच्या विक्रमामागे लागले. बेसबॉल कळत नसेल तरी काही अडत नाही. एका हंगामात किती वेळा चेंडू मैदानाबाहेर मारला, एवढं मोजता आलं की पुरे.

मँटल देखणा, बोलका, शहराचा लाडका. मॅरिस अबोल, लाजरा, पत्रकारांना नको असलेली उत्तरं देणारा. वर्तमानपत्रांनी दोघांना एकमेकांवर सोडलं. आणि प्रत्यक्षात? दोघं मित्र होते, त्या हंगामात एकाच घरात राहत होते. सकाळी दोघं मिळून आपल्याच भांडणाच्या बातम्या वाचतात, ही या चित्रपटातली सर्वात बोचरी गोष्ट. बॅरी पेपरचा मॅरिस आणि थॉमस जेनचा मँटल एकमेकांकडे बघून कसनुसे हसतात आणि मग एक जण मैदानात जाऊन स्वतःच्याच संघाच्या प्रेक्षकांची हुर्यो ऐकतो. ताणाने मॅरिसचे केस पुंजक्याने गळायला लागले, हे खरं घडलेलं आहे. पेपरने ते दृश्य जराही रडकं होऊ दिलेलं नाही.

आणि आता तो तिसरा. बेसबॉलचा कमिशनर, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, फोर्ड फ्रिक. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये संघ वाढले म्हणून हंगाम 154 सामन्यांवरून 162 सामन्यांचा झाला होता. जुलैमध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, फ्रिकने जाहीर केलं की रूथचा विक्रम 154 सामन्यांच्या आत मोडला तरच तो मोडला म्हणायचा, नाहीतर पुस्तकात वेगळी खूण राहील. वेगळी खूण म्हणजे चांदणी (चित्रपटाच्या नावातली '*' तीच), अशी सूचना एका क्रीडापत्रकाराची. हा फ्रिक पूर्वी स्वतः पत्रकार होता आणि बेब रूथच्या नावाने छापून येणारे लेख तोच लिहून द्यायचा. म्हणजे ज्याचा विक्रम धोक्यात, त्याचाच जुना लेखनिक न्यायाधीशाच्या खुर्चीवर, आणि शर्यत अर्धी झाल्यावर शर्यतीची लांबी ठरवतोय! हे कोणी कल्पून लिहिलं असतं तर 'फारच ढोबळ' म्हणून परत आलं असतं. डोनल्ड मॉफॅटने फ्रिक केलाय तो एखाद्या सज्जन मंत्र्यासारखा. आवाज चढवत नाही, परंपरेबद्दल दोन शब्द बोलतो आणि निर्णय वाचून उठतो. अशा माणसांच्या हाताखाली मी काम केलंय, मला अभिनय तपासायला दुसरा पुरावा नको.

154 सामन्यांची मुदत संपली तेव्हा मॅरिस 59वर होता. मँटल कंबरेजवळ घेतलेलं इंजेक्शन चिघळून 54वर थांबला. ते इंजेक्शन ज्या डॉक्टरने दिलं तो अध्यक्ष केनेडींवरही उपचार करत होता. चित्रपट हा धागा जास्त ताणत नाही. मी ताणला असता.

1 ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, 61वा होमरन आला. मैदानात माणसं 23,154. यांकी स्टेडियमच्या मानाने मैदान निम्म्याहून रिकामं. का भरेल? कमिशनरने आधीच सांगून ठेवलं होतं ना, की यात बघण्यासारखं काही नाही. क्रिस्टलने हे रिकामेपण लपवलं नाही, म्हणून त्याला अर्धा गुण जास्त. (चित्रीकरण डेट्रॉइटच्या जुन्या टायगर स्टेडियममध्ये झालंय, पण तसं वाटत नाही.) विक्रमांच्या पुस्तकात ती चांदणी खरं तर कधी छापलीच गेली नाही. दोन नोंदी वेगवेगळ्या दाखवल्या, बस. पण लोकांच्या डोक्यात ती चिकटली. 1991 साली एका समितीने वेगळेपणा काढून टाकला. मॅरिस 1985 सालीच गेला होता.

दोष आहेत. पार्श्वसंगीत जिथे गप्प बसायला हवं तिथे गहिवरून येतं. मॅरिसच्या बायकोच्या पात्राला फोन उचलण्यापलीकडे काम नाही. आणि गोष्टीची चौकट 1998ची आहे. मार्क मॅकग्वायर हा फलंदाज मॅरिसचा विक्रम मोडतो तो क्षण चित्रपटात निखळ सोहळा म्हणून येतो. 2010 साली मॅकग्वायरने स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. त्यामुळे आज बघताना सुरुवातीच्या टाळ्या वेगळ्याच ऐकू येतात, आणि आपण 'टूर द फार्मसी'त परत येऊन पडतो. यात क्रिस्टलचा दोष नाही, पण मॅकग्वायरच्या 70 होमरनपुढे चांदणी काढायला तेव्हा कोणी कमिशनर पुढे आला नाही, एवढं मी मोजून ठेवलं.

बघण्याचा क्रम विचाराल तर '61*' सगळ्यात आधी, ताज्या डोक्याने. दोन तासांहून थोडा जास्त आहे. टेनिसवाला नंतर, श्रमपरिहार म्हणून. सायकलवाला वेळ उरला तर, आणि त्यातही बेकन पडद्यावर नसेल तेव्हा पाणी प्यायला उठलात तरी चालेल.